डिजिटल प्रकल्प साहाय्य कार्यालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, ग्रंथपाल आणि विभागांतले कर्मचारी आमच्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही. पण तुमचा प्रकल्प अजून कागदावरच असेल, तर अनुदान संपल्यानंतरचा प्रश्न आधी वाचा. बहुतेक जण तो सर्वांत शेवटी वाचतात, आणि तोवर पैसेही संपलेले असतात आणि माणसंही पांगलेली असतात.

हे कार्यालय नेमकं काय करतं?

विद्यापीठात डिजिटल काम अनेक ठिकाणी चाललेलं असतं. कुणी हस्तलिखितांचं स्कॅनिंग करतं, कुणी मुलाखतींचा ध्वनिसंग्रह उभारतं, कुणी जुन्या नकाशांना डेटाबेसची जोड देतं. एखाद्या परिषदेपुरतं काढलेलं संकेतस्थळ कुणाला आता कायमचं संदर्भस्थळ करायचं असतं. या कामांना लागणारी माणसं मात्र एका छताखाली नसतात. साठवणुकीचं संगणक केंद्राकडे, नोंदींचं ग्रंथालयाकडे, पैशाचं लेखा विभागाकडे, मुलाखतींच्या संमतीचं नीतिमत्ता समितीकडे. कुणाकडे आधी जायचं आणि कुणाकडे जाताना काय लिहून न्यायचं, हे सांगणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग.

उरलेला निम्मा भाग आखणीचा: कामाची व्याप्ती ठरवणं, वेळेचा आणि खर्चाचा अंदाज बांधणं, अनुदानाच्या प्रस्तावात डेटा व्यवस्थापनाचा आराखडा नीट मांडणं, साधनं निवडणं, बैठकांची घडी बसवून देणं आणि प्रकल्प संपताना तो कुणाच्या तरी हाती रीतसर सोपवणं.

म्हणजे प्रकल्प तुम्ही चालवणार का?

नाही. पत्रसंग्रहातली कोणती पत्रं आधी घ्यायची, कोणता पाठभेद प्रमाण धरायचा, कोणत्या मुलाखती लोकांसमोर ठेवायच्या, हे त्या विषयाच्या अभ्यासकालाच ठरवता येतं. आम्ही फक्त एवढं विचारतो: हा निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत घेणार, आणि घेतल्यावर तो कुठे लिहून ठेवणार? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण रखडलेल्या प्रकल्पांच्या फायली चाळल्या, की सर्व्हर बंद पडल्याच्या तक्रारी थोड्याच सापडतात. ‘सरांशी बोलून कळवतो’ हे वाक्य मात्र जागोजागी सापडतं.

तुमच्याकडे केव्हा यावं?

प्रस्ताव लिहायला घेण्याआधी. अनुदान मंजूर झाल्यावर आकडे गोठतात. साठवणुकीचा खर्च धरायचा राहिला असेल तर तो नंतर कोणत्याही शीर्षाखाली बसवता येत नाही. प्रस्ताव दाखल करायच्या आदल्या दिवशी आलात, तर आम्ही शुद्धलेखन तपासून देऊ शकतो, त्यापलीकडे फारसं काही नाही.

प्रकल्प अर्ध्यावर आला आहे आणि आता गाडं अडलं आहे, अशा अवस्थेतही जरूर या. तेव्हा आम्ही झालेल्या कामाची मोजदाद करतो आणि उरलेल्या दिवसांत काय बसतं ते बघतो.

पहिल्या भेटीला काय आणू?

सादरीकरण नको. खरी सामग्री आणा: दहा-वीस पानं, चार-दोन छायाचित्रं, एखादी ध्वनिफीत. त्यातही सर्वांत वाईट अवस्थेतल्या गोष्टी हव्यात. सुस्थितीतली पानं सगळेच दाखवतात. आम्हाला कसर लागलेलं, शाई पसरलेलं, घडीवर फाटलेलं पान बघायचं असतं, कारण वेळ तिथेच जातो.

प्रकल्पाची सनद लिहा असं तुम्ही सांगता. तिच्यात काय असावं?

दोन पानांत मावेल एवढंच. काय तयार होणार, ते कुणासाठी, काय होणार नाही, कोणता निर्णय कोण घेणार, काम पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं आणि पुढे ते कोण सांभाळणार.

यातला ‘काय होणार नाही’ हा परिच्छेद लोक गाळतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. ‘या टप्प्यात पत्रांचं लिप्यंतर होणार नाही, फक्त प्रतिमा आणि मूलभूत नोंदी’ असं एक वाक्य सनदेत असेल, तर वर्षभराने एखाद्या सदस्याने ‘लिप्यंतर कुठवर आलं?’ असं विचारल्यावर वाद होत नाही. कागद काढून दाखवता येतो.

काम पूर्ण झाल्याची खूणही अशीच नेमकी हवी. ‘संग्रह ऑनलाइन उपलब्ध करणे’ हे पूर्ण झालं की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. ‘१,२०० पत्रांच्या प्रतिमा, प्रत्येकीला लेखक, प्रापक, तारीख आणि ठिकाण अशा चार नोंदी, प्रत्येक नोंद दुसऱ्या माणसाने तपासलेली, लेखकाच्या नावाने शोध चालतो’ हे मात्र कुणीही तपासू शकतं.

जबाबदाऱ्यांसाठी एक साधा तक्ता करा. प्रत्येक कामापुढे चार रकाने: प्रत्यक्ष करणार कोण, त्याबद्दल उत्तर देणार कोण, सल्ला कुणाचा घ्यायचा, कळवायचं कुणाला. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात कितीही नावं चालतील. दुसऱ्यात एकच. तिथे दोन नावं लिहायचा मोह होतो, विशेषतः दोन ज्येष्ठ प्राध्यापक असले की. कुणाचा मान राखायचा असेल तर सल्ल्याचा रकाना मोकळा आहे.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? आमचे अंदाज नेहमी चुकतात.

अंदाज मनाने करू नका, मोजून करा. पन्नास वस्तू घ्या, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळी प्रक्रिया करा आणि घड्याळ लावून वेळ लिहा. सोपे पन्नास निवडू नका. संग्रहात जसा भेसळीचा माल असेल तसाच नमुना हवा.

उदाहरणादाखल, ३,००० छायाचित्रं आहेत असं धरू. एका छायाचित्राच्या स्कॅनिंगला ३ मिनिटं, म्हणजे १५० तास. प्रस्तावात बहुधा एवढंच लिहिलेलं असतं. आता नोंदी घ्या: छायाचित्रातली माणसं ओळखणं, तारीख शोधणं, एकाच व्यक्तीच्या नावाचं एकच रूप ठरवणं. याला सरासरी १२ मिनिटं लागली तर ६०० तास झाले. तपासणीला प्रत्येकी ४ मिनिटं धरली तर आणखी २००. एकूण ९५० तास. आठवड्याला १५ तास काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला याला ६३ आठवड्यांहून जास्त लागतील, आणि परीक्षा, सुट्ट्या, आजारपण धरलं तर दीड वर्ष सहज. दीडशे तासांचं वाटलेलं काम साडेनऊशे तासांचं निघतं ते असं. यात कुणी आळस केलेला नसतो.

हा हिशेब पुढे आल्यावर तीनच वाटा असतात. वस्तू कमी करायच्या, प्रत्येक वस्तूमागच्या नोंदी कमी करायच्या, नाहीतर माणसं वाढवायची. चौथी वाट, म्हणजे ‘आपण जोर लावू’, आम्ही वेळापत्रकात धरत नाही.

माणसं वाढवली तर काम लवकर होणार नाही का?

स्कॅनिंगसारखं काम वाटून देता येतं, तिथे होतं. नोंदी आणि संपादनाच्या कामात नव्या माणसाला शिकवायला जुन्या माणसाचा वेळ जातो, त्यामुळे सुरुवातीला वेग उलट मंदावतो. मुदत महिन्यावर आलेली असताना तिघांना नव्याने घेणं बहुधा महागात पडतं.

साठवणुकीला किती जागा लागेल?

हे गणित करून बघा, कारण इथे चूक झाली की खर्च बराच चुकतो. ए-४ आकाराचं एक पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), २४ बिट रंगात, दाबून लहान न केलेल्या टिफ फाइलमध्ये साधारण ४६ एमबी होतं. दहा हजार पानं म्हणजे ४६० जीबीच्या आसपास. तीन प्रती ठेवल्या की १.४ टीबी. हेच ६०० डीपीआयला नेलं तर एक पान १०४ एमबीवर जातं, म्हणजे सगळे आकडे सव्वादोन पट होतात. छापील मजकुरासाठी एवढ्या तपशिलाची सहसा गरज नसते. बारीक रेषांचे नकाशे किंवा छायाचित्रांच्या निगेटिव्ह असतील तर असते. ‘जास्तीत जास्त ठेवू, पुढे उपयोगी पडेल’ हा विचार आम्ही खोडून काढतो असं नाही, पण त्याची किंमत आधी दाखवतो.

बॅकअपचा जुना नियम आम्हीही पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. संगणकाशी आपोआप जुळणारं क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल चुकून पुसली की ती तिथूनही पुसली जाते. काही दिवसांत परत मिळवता येते खरी, पण चूक लक्षात यायला सहा महिने लागले तर उपयोग नाही.

आणखी एक: मूळ प्रतिमा साठवताना प्रत्येक फाइलची चेकसम काढून ठेवा. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेली ही ६४ अक्षर-अंकांची ओळ असते. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी पुन्हा काढलेली ओळ वेगळी येते, आणि खराब झालेली प्रत ओळखता येते. हे काम संगणक रात्रभरात करतो. कुणाला बसून करावं लागत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याने सर्वांत कमी फरक पडतो. चार जणांच्या गटाला सामायिक स्प्रेडशीट पुरते: काम, कुणाकडे, कधीपर्यंत, कुठवर आलं. ‘करायचं, चालू, झालं’ असे तीन रकाने असलेला फलक हवा असेल तर ट्रेलोसारखी साधनं आहेत. मुळात ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान कार्डांवरून आली, आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदांनीही ती उत्तम चालते. संगणकीय कोड असेल तर गिट हे बदलांचा इतिहास ठेवणारं साधन वापरा. मोठ्या प्रतिमा मात्र गिटमध्ये टाकू नका. प्रत्येक बदलाची पूर्ण प्रत साठत जाऊन ते भांडार हलवणंही अवघड होतं.

निवडताना दोनच गोष्टी बघा. गटातला तंत्रज्ञानाला सर्वांत नाखूश माणूस ते उघडतो का? आणि त्यातला सगळा मजकूर साध्या स्वरूपात बाहेर काढता येतो का? दुसरी गोष्ट गंभीर आहे. गूगलसारख्या कंपनीनेही आपली ‘गूगल कोड’ ही कोड ठेवण्याची सेवा २०१६ मध्ये बंद केली. ज्यांना आपलं काम वेळेत बाहेर काढता आलं ते निभावले.

ईमेल हे कामाच्या नोंदी ठेवायचं साधन नाही. निर्णय ईमेलमध्ये झाला असेल तर त्याच दिवशी तो नोंदवहीत उतरवा.

आम्ही अ‍ॅजाइल पद्धतीने काम करावं की आधी सगळं ठरवून?

काम कसलं आहे त्यावर. अ‍ॅजाइल म्हणजे थोडं बनवायचं, दाखवायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून लिहिला. ते सगळे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातले होते, आणि त्यांच्यापुढची अडचण अशी की ग्राहकाला काय हवं ते काम बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही शोधयंत्र, परस्परसंवादी नकाशा किंवा नवं संकेतस्थळ बनवत असाल तर तुमचीही अडचण हीच आहे. दहा हजार पानांच्या स्कॅनिंगचं तसं नसतं. तिथे काय हवं ते पहिल्या दिवशी ठाऊक असतं आणि पानं एकामागून एक निघायची असतात. त्याला आडव्या पट्ट्यांचा गँट तक्ताच बरा. हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात तो रूढ केला. पोलंडचे अभियंते कारोल अदामेत्स्की यांनी तशीच कल्पना १८९६ मध्येच मांडली होती.

बहुतेक विद्यापीठीय प्रकल्पांत दोन्ही तऱ्हेचं काम असतं, तेव्हा पद्धतीही मिसळा. स्क्रम या अ‍ॅजाइलच्या एका प्रकारात कामाची फेरी जास्तीत जास्त महिन्याभराची असते आणि रोज एक छोटी बैठक होते. रोजची बैठक विसरा. ज्यांना तासिका, पेपर तपासणी आणि विभागाच्या समित्या आहेत त्यांना ती जमत नाही. दोन आठवड्यांची फेरी आणि तिच्या अखेरीस ‘हे बघा, एवढं चालतंय’ असं प्रत्यक्ष दाखवणं, एवढं मात्र घ्या. अहवाल वाचून जे कळत नाही ते पडद्यावर बघून पाच मिनिटांत कळतं.

बैठका किती आणि कशा?

पंधरवड्यातून एक, पाऊण तासाची. इतिवृत्त एका पानाचं: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कोण काय म्हणालं ते लिहीत बसू नका.

काम वाढतच चाललं आहे. ‘नाही’ कसं म्हणायचं?

‘नाही’ म्हणू नका, किंमत सांगा. कुणी नवी कल्पना मांडली की ती बदलाच्या नोंदवहीत लिहा आणि त्यापुढे तीन गोष्टी भरा: याला किती तास, त्यासाठी काय मागे ढकलायचं, आणि मंजुरी कुणाची. ‘नकाशाही जोडू या’ ही सूचना मांडायला काहीच लागत नाही. ‘नकाशा जोडायला १२० तास, त्यासाठी तपासणीची दुसरी फेरी रद्द’ असं दिसलं, की सूचना करणाराच बरेचदा ती मागे घेतो. कधी घेतही नाही, कारण नकाशा खरंच जास्त महत्त्वाचा असतो. मग सनद बदला, तारीख घाला, पुन्हा सह्या घ्या. बदल होणं वाईट नाही. कुणाच्या लक्षात न येता झालेला बदल वाईट.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे व्याप्ती वाढवणारी व्यक्ती स्वतः प्रकल्प प्रमुख असते तेव्हाचा. तिथे संशोधन साहाय्यकाला बोलता येत नाही. अशा वेळी आम्हाला बैठकीला बोलवा. बाहेरच्या माणसाने विचारलेला ‘मग याऐवजी काय सोडायचं, मॅडम?’ हा प्रश्न कुणाच्या अंगावर येत नाही.

विद्यार्थी मदतनीस दर सत्राला बदलतात. काम पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

ते बदलणारच. त्यामुळे काम त्यांच्या डोक्यात न राहता कागदावर राहील अशी व्यवस्था करा. कार्यपुस्तिका पहिल्या महिन्यातच लिहायला घ्या, आणि ती प्रमुखांनी न लिहिता काम करणाऱ्या विद्यार्थ्यानेच लिहावी. स्कॅनरची कोणती खिडकी उघडायची, पान तिरकं आलं तर काय करायचं, शंका आली तर कुणाला विचारायचं, असं सगळं पडद्यावरच्या चित्रांसह. ती पुरेशी आहे की नाही याची कसोटी सोपी आहे: नवा विद्यार्थी फक्त पुस्तिका घेऊन बसवा, शेजारी कुणी नको, आणि तो कुठे अडतो ते बघा.

फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली, जसं २०२४-०३-०९, तर फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. क्रमांक ०००१ पासून सुरू करा, १ पासून नको, नाहीतर १० हा २ च्या आधी येऊन बसतो. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-खरोखर’ ही परंपरा प्रत्येक विभागात आहे. ती निदान प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर ठेवा.

आणि खाती वैयक्तिक ईमेलवर काढू नका. विद्यार्थी पदवी घेऊन गेला आणि संग्रहाचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, ही अडचण निस्तरायला आठवडे लागतात.

श्रेय कुणाला आणि कसं द्यायचं?

कामाला सुरुवात होण्याआधी ठरवा. शोधनिबंधांसाठी ‘क्रेडिट’ नावाची भूमिकांची यादी रूढ झाली आहे. तिच्यात संकल्पनेपासून डेटा सांभाळणं, सॉफ्टवेअर आणि प्रकल्प प्रशासनापर्यंत १४ भूमिका आहेत. डिजिटल प्रकल्पालाही ती बरीचशी लागू पडते. संकेतस्थळावर श्रेयनामावलीचं पान ठेवा आणि त्यात कोणी, कोणत्या काळात, काय केलं ते लिहा. मानधन घेऊन काम केलेल्या विद्यार्थ्यांची नावंही त्यात हवीत. पैसे दिले म्हणजे श्रेय फिटलं, असं आम्ही मानत नाही. ज्यांच्याकडे ऑर्किड क्रमांक आहे त्यांचा तो १६ अंकी क्रमांक नावापुढे जोडा, म्हणजे एकाच नावाच्या दोन संशोधकांची सरमिसळ होत नाही.

नोंदींसाठी कोणती पद्धत वापरावी? देवनागरी मजकुराची काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

सुरुवातीला डब्लिन कोअर पुरतं. त्यात शीर्षक, निर्माता, तारीख, विषय, हक्क असे १५ घटक आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या कार्यशाळेतून ते पुढे आलं. आयर्लंडशी त्याचा संबंध नाही. पंधराच्या पंधरा भरायलाच हवेत असंही नाही. सात घटक नीट भरलेला संग्रह पंधरा अर्धवट भरलेल्या संग्रहापेक्षा कितीतरी उपयोगी असतो.

देवनागरीची काळजी मात्र घ्यावीच लागते. जुना टंकलिखित मजकूर बरेचदा युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये असतो. फाँट लावला की अक्षरं देवनागरी दिसतात, आत मात्र रोमन चिन्हांचा गोंधळ असतो, आणि शोध त्या आतल्या चिन्हांवर चालतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरांवर विशेष नजर ठेवून तपासायला हवा. या कामाला वेळापत्रकात वेगळी ओळ द्या. युनिकोडमध्येही एक खाच आहे: ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येतं, आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधयंत्राला वेगळी वाटू शकतात. नोंदी साठवण्याआधी मजकुराचं सामान्यीकरण करणारी छोटी आज्ञावली आमच्याकडे मागा. मोडी कागदपत्रं असतील तर मोडी लिपीही २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, पण ती सगळ्यांच्या पडद्यावर दिसेलच याची खात्री नसते, म्हणून देवनागरी लिप्यंतर सोबत ठेवावं.

यंत्राने मजकूर वाचून दिला तर टंकनाचा वेळ वाचेल ना?

छापील आणि स्वच्छ पानांवर बराच वाचतो. हस्ताक्षर, फिकट शाई, दोन रकाने, समासातल्या टिपा आल्या की तपासणीचा वेळ वाढत जातो, आणि काही वेळा नव्याने टंकन केलेलं परवडतं. पुन्हा तेच: पन्नास पानं मोजून बघा. आणि यंत्राचा न तपासलेला मजकूर वाचकांसमोर ठेवणार असाल तर तसं स्पष्ट लिहा.

संग्रह आमच्या विभागाकडेच आहे. मग परवानगी कशाला?

कागद तुमच्याकडे असणं आणि त्यातल्या मजकुराचा हक्क तुमच्याकडे असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र ज्याला आलं त्याच्या कपाटात असतं. त्यातल्या मजकुराचा हक्क मात्र सहसा लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. हक्काची मुदत देशागणिक बदलते, म्हणून प्रत्येक वस्तूपुढे ‘हक्काची स्थिती’ असा रकाना ठेवा आणि माहीत नसेल तिथे ‘अज्ञात’ लिहा. रिकामा ठेवू नका. मुलाखतींच्या संमतीपत्रात ‘संशोधनासाठी वापर’ आणि ‘इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं’ हे दोन वेगळे प्रश्न असावेत. पहिल्याला होकार म्हणजे दुसऱ्यालाही होकार, असं धरता येत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना देणार असाल तर एक लक्षात घ्या. तो दिल्यावर ज्यांनी त्या अटींवर साहित्य घेतलं, त्यांच्याकडून परत काढून घेता येत नाही.

दृष्टिबाधित वाचकांसाठीची सोय शेवटी केली तर चालेल?

चालत नाही. तीन हजार चित्रांचं शब्दांत वर्णन शेवटच्या महिन्यात लिहून होत नाही. ते नोंदी करतानाच एका रकान्यात लिहावं लागतं. मुलाखतींच्या उपशीर्षकांचं (सबटायटल्स) आणि संहितेचंही तसंच. रंगसंगती, कीबोर्डने फिरता येणं, रकान्यांची नावं या गोष्टी डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद तिच्या तीन पातळ्यांपैकी मधल्या पातळीला किमान ४.५ ला १ असावा लागतो. विभागाच्या बोधचिन्हातला फिका पिवळा पांढऱ्यावर बसत नाही तो यामुळे.

संकेतस्थळ तुम्ही बनवून द्याल का?

छोटं असेल तर साचा देतो आणि शिकवतो. संग्रहासाठी ओमेका हे मुक्त सॉफ्टवेअर विद्यापीठीय वर्तुळातच तयार झालं आहे आणि त्यात डब्लिन कोअरच्या नोंदी आधीच बसवलेल्या असतात. मोठं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं असेल तर कामाचा तपशील लिहायला आणि आलेली दरपत्रकं वाचायला मदत करतो. करारात कोडची मालकी, डेटा परत मिळण्याचं स्वरूप आणि दुरुस्तीची मुदत या तीन बाबी लिहिल्याशिवाय सही करू नका.

अनुदान संपल्यावर प्रकल्पाचं काय होतं?

कुणी काही ठरवलं नसेल तर जे होतं ते ठरलेलं आहे. आधी डोमेनचं नूतनीकरण राहतं, कारण ते कुणाच्या तरी स्वतःच्या कार्डावर घेतलेलं असतं. मग सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर जुनं होतं, संगणक केंद्र सुरक्षेसाठी ते बंद करतं आणि कळवायला ईमेल पाठवतं. तो पत्ता आता वापरात नसतो. खालचं तंत्रज्ञानच संपतं असंही होतं. अडोबीने फ्लॅशला दिलेला आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर उभारलेली शैक्षणिक साधनं, परस्परसंवादी नकाशे, प्रदर्शनं एका फटक्यात ब्राउझरमधून गेली. पायथन २ चा आधार त्याच वर्षी १ जानेवारीला संपला होता.

म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत तीन पर्याय पुढे ठेवतो आणि त्यातला एक निवडायला लावतो.

पहिला, चालू ठेवणं: नवी भर पडत राहील, दुरुस्त्या होतील. याला दरवर्षी पैसा आणि नेमून दिलेला माणूस लागतो. विभागप्रमुखांच्या सहीशिवाय हा पर्याय आम्ही मान्य करत नाही, आणि सही पदाच्या नावाने घेतो, व्यक्तीच्या नव्हे.

दुसरा, गोठवणं: भर थांबते, पण वाचकांसाठी संकेतस्थळ उघडं राहतं. यासाठी डेटाबेसवर चालणारी पानं साध्या स्थिर एचटीएमएल पानांत बदलून ठेवतात. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या ‘एंडिंग्ज’ प्रकल्पाने याच दिशेने तत्त्वं मांडली आहेत: मागे चालणारं सॉफ्टवेअरच नसेल तर अद्ययावत करायला आणि बिघडायला फारसं काही उरत नाही. शोधाच्या काही सोयी जातात. तरी बहुतेक प्रकल्पांना आम्ही हाच पर्याय सुचवतो.

तिसरा, संग्रहात ठेवणं: संकेतस्थळ बंद होतं आणि डेटा, प्रतिमा, कार्यपुस्तिका असा सगळा ऐवज विद्यापीठाच्या संग्रहात किंवा झेनोडोसारख्या खुल्या भांडारात जातो. झेनोडो हे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेकडून चालवलं जातं, २०१३ पासून आहे आणि प्रत्येक ठेवीला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक देतं, त्यामुळे पत्ता बदलला तरी संदर्भ तुटत नाही. ठेवताना नोंदी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, दस्तऐवज पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या स्वरूपात आणि प्रतिमा टिफमध्ये द्या.

कोणताही पर्याय निवडा, बंद होण्याआधी संकेतस्थळाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जाईल असं बघा. ती पूर्ण प्रत नसते. शोधपेट्या आणि डेटाबेस तिच्यात चालत नाहीत. पण मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली तरी सापडते.

या सगळ्याला तुम्ही पैसे घेता का?

सल्ला, आखणी आणि प्रशिक्षण विनामूल्य. साठवणूक, उपकरणं आणि मनुष्यबळ यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा लागतो. आकडे काढून द्यायला आम्ही आहोत.

प्रकल्प प्रमुख दुसऱ्या विद्यापीठात गेले, किंवा प्रकल्प मध्येच थांबवावा लागला तर?

दोन्हींची तरतूद सनदेत एका परिच्छेदात करता येते: डेटाची प्रत कुणाकडे राहील, संकेतस्थळाचा पत्ता कुणाचा, जुन्या सहकाऱ्यांना प्रवेश किती दिवस. तसं लिहिलेलं नसेल तर प्रमुख जाण्याच्या किमान दोन महिने आधी आम्हाला कळवा. त्या काळात आम्ही खात्यांची यादी करतो, पासवर्ड संस्थेच्या नावावर आणतो, अपुऱ्या नोंदींवर ‘अपूर्ण’ अशी खूण करतो आणि झालेल्या भागाची पूर्ण प्रत काढतो.

थांबवलेल्या प्रकल्पाचं संकेतस्थळ ‘लवकरच येत आहे’ या पाटीसह वर्षानुवर्षं सोडू नका. ४०० पानं झाली असतील तर ४०० पानं प्रकाशित करा, काम कुठे आणि कोणत्या तारखेला थांबलं ते वर लिहा, आणि उरलेल्या सामग्रीची यादी जोडा. पुढे कुणी ते हाती घेतलं तर त्याला ४०१ व्या पानापासून सुरुवात करता येईल.